पु. भा. भावे : डोंबिवलीकर कथाकार

जन्म धुळे, 12 एप्रिल 1910, शिक्षण नागपुरात. तिथेच ‘आदेश’ साप्ताहिक चालवताना त्यांच्या लेखणीला धार चढली. पुढे ते डोंबिवलीकर झाले. ‘स्वामिनी’, ‘विषकन्या’सारखी नाटके, ‘अकुलिना’ ही कादंबरी, ‘प्रथमपुरुषी एकवचनी’ हे आत्मचरित्र असा मोठा पसारा. पण भावे खरे खुलले ते कथेत. ‘सतरावे वर्ष’सारख्या कथांतील भावनांची तीव्रता, शब्दांची नादमयता त्यांचीच. त्यांच्या कडव्या हिंदुत्वनिष्ठ मतांवरून 1977चे पुण्याचे साहित्य संमेलन गाजले. अध्यक्ष भावेच होते. मते पटोत न पटोत, नवकथेचा इतिहास त्यांना वगळून लिहिता येत नाही. निधन 13 ऑगस्ट 1980. डोंबिवलीत 2017मध्ये साहित्य संमेलन भरले, तेव्हा संमेलननगरीला भाव्यांचेच नाव होते.