कॉफीची चव खळ्यावर ठरते

अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरीत नोकरीला आलेल्या दक्षिणेकडच्या कुटुंबांनी येताना फिल्टर कॉफीही आणली. उल्हासनगरचा बाजार चहावर चालतो, ते सोडा. पण फिल्टर कॉफी पिणारं गिऱ्हाईक दुकानात काय मागतं ते ऐका: ‘प्लँटेशन-ए आणि पीबेरी निम्मी निम्मी, चिकोरी वीस टक्के.’ भारतीय प्रतवारीत ‘प्लँटेशन’ म्हणजे धुतलेली अरेबिका, ‘चेरी’ म्हणजे फळासकट वाळवलेली कॉफी. पीबेरी ही फळात दोनऐवजी एकच धरलेली गोल बी. मळ्याचं नाव राहिलं बाजूला, आधी प्रक्रिया सांगायची! स्पेशालिटी कॉफीवाले आज पाकिटावर जे कौतुकानं छापतात, ते आपल्या व्यापाऱ्यांच्या तोंडी कधीपासून आहे.

कॉफीचं फळ पिकलं की लाल होतं. आत चिकट, गोडसर गर, त्याखाली टरफल आणि मग बी. हा गर बीवर किती दिवस राहू द्यायचा, यावर पुढचं बरंच ठरतं. धुण्याच्या पद्धतीत तोडणीनंतर लगेच साल काढतात आणि बिया टाकीत आंबवतात. हवामानानुसार अर्ध्या दिवसात, कधी दीड दिवसात गर सुटतो. मग बिया धुऊन ओल अकरा टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत वाळवायच्या. अशा कॉफीत लिंबू-संत्र्याकडे झुकणारा आंबटपणा स्वच्छ कळतो. अख्खं फळ दोन-चार आठवडे खळ्यावर वाळवलं, तर कॉफी जिभेला भरदार लागते आणि पिकल्या फळांचा वास येतो. मात्र उलथापालथ चुकली की बुरशी आलीच. ‘हनी’ पद्धत या दोहोंच्या मधली: साल काढायची, गर ठेवायचा. अलीकडे बंद पिंपात हवेविना आंबवलेल्या कॉफीचं फार कौतुक चाललंय. माझ्या मते त्यातल्या बऱ्याच कपांत कॉफी शोधावी लागते.

आपल्या किनाऱ्याची खरी करामत म्हणजे मान्सून्ड मलबार. शिडाच्या जहाजांतून युरोपला जायला कॉफीला महिनोन् महिने लागत. दमट हवेत बिया फुगत, पिवळट पडत, आंबटपणा मावळे. 1869 मध्ये सुएझ कालवा सुरू झाला, वाफेची जहाजं आली, प्रवास आटोपशीर झाला. आणि तिकडच्या गिऱ्हाइकाला जुनी चव मिळेना. मग तोच परिणाम किनाऱ्यावर मुद्दाम साधायचं ठरलं. मंगळूरकडच्या उघड्या बाजूंच्या गोदामांत वाळलेली चेरी कॉफी पावसाळ्यात पसरतात आणि दाताळ्यानं फिरवत राहतात. मग ती पोत्यांत सैल भरून, मधून वारा खेळेल अशी थप्पी लावतात. पोती रिकामी करून पुन्हा भरतात. तीन-चार महिन्यांत हिरवट बी फिकट सोनेरी होते. कपात आंबटपणा जवळजवळ नसतो. मातीचा, मसाल्याचा वास असतो. या कॉफीला भौगोलिक मानांकनही आहे.

बदलापूरकरांना पावसाचं अप्रूप नाही. जुलै 2019 मध्ये उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान अडकली होती. पण इथल्या ओट्यावर उघडा राहिलेला कॉफीचा डबा मान्सून्ड होत नाही. ती किमया कच्च्या बीची. भाजलेली कॉफी ओल धरून नुसती शिळी होते. तेव्हा पावसाळ्यात कॉफी आठवड्यापुरतीच दळून घ्या, डबा घट्ट लावा. आणि पाकीट घेतलंत, तर चिकोरीचं प्रमाण वाचा: मिश्रणात कॉफी निदान 51 टक्के हवी, असा नियम आहे.