खारघरची कार-टी

प्रतिपिंड : परका घटक नेमका ओळखून त्याला चिकटणारे प्रथिन.

कार-टी : कर्करोगावरील उपचार. रुग्णाच्याच रक्तातून टी-पेशी (रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशी) काढतात. निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत त्यांत नवे जनुक घालतात. मग पेशीच्या पृष्ठभागावर कृत्रिम ग्राहक (रिसेप्टर) तयार होतो. त्याचे बाहेरचे टोक म्हणजे प्रतिपिंडाचा तुकडा. प्रयोगशाळेत संख्या वाढवून पेशी शिरेवाटे परत देतात, बहुधा एकदाच.

इथले लक्ष्य : सीडी१९, कर्करोगग्रस्त बी-पेशींवरचे प्रथिन. ते निरोगी बी-पेशींवरही असते, त्यामुळे त्याही मरतात.

नेक्सकार१९ : आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटर यांचे संशोधन, भारतात मान्यता मिळालेला पहिला देशी कार-टी उपचार. प्रतिपिंडाचा तुकडा मानवी रचनेशी जुळवून घेतलेला.
• ४ जून २०२१ : पहिला रुग्ण, टाटा मेमोरियलच्या खारघर येथील ॲक्ट्रेक केंद्रात.
• ऑक्टोबर २०२३ : केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता.
• ४ एप्रिल २०२४ : राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते आयआयटी मुंबईत, पवई येथे लोकार्पण.
बी-पेशींच्या ल्युकेमिया व लिम्फोमासाठीच. स्तन, फुप्फुस अशा अवयवांतील गाठींसाठी नाही.

गल्लत नको : ब्लिनाटुमोमॅब (अमेरिकेत मान्यता २०१४) ही कार-टी नव्हे. ते दुहेरी प्रतिपिंड : एक टोक सीडी१९ धरते, दुसरे टी-पेशीवरचे सीडी३. रुग्णाच्या पेशी बाहेर काढाव्या लागत नाहीत. औषध तयार मिळते, पण शिरेतून दिवसेंदिवस सलग द्यावे लागते.

कार-टीचा मुख्य धोका : सायटोकाइनचा (रोगप्रतिकारक पेशींनी सोडलेल्या संदेशक प्रथिनांचा) भडका. तीव्र ताप, रक्तदाब घसरणे. त्यावरचे औषध टोसिलिझुमॅब, तेही प्रतिपिंडच.