खिम्याचा टाको, मसाला घरचा

आषाढ लागला की आमच्या वाईत मटणाच्या दुकानांपुढे गर्दी वाढते. श्रावण तोंडावर आलेला असतो, मग रस्सा काय, सुकं काय, खिमा काय, सगळं उरकून घ्यायची घाई. आमच्या घरी त्या यादीत यंदा एक नवीन नाव घुसलं. टाको.

टाको म्हणजे मक्याची तळहाताएवढी भाकरी, मधे दुमडलेली. आत परतलेला खिमा, वर कांदा-टोमॅटो, थोडं चीज. मूळ मेक्सिकोचा पदार्थ, पण आपण जाहिरातीत बघतो तो कुरकुरीत, खिमा भरलेला टाको अमेरिकेत वाढलेला आहे. ग्लेन बेल नावाच्या माणसाने १९६२ साली कॅलिफोर्नियात ‘टाको बेल’चं पहिलं दुकान काढलं आणि तो घरोघर पोचला. तिकडे खिमा असतो बीफचा. महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला २०१५ पासून बंदी आहे आणि आमच्या घरात ते मुळातच चालत नाही. त्यामुळे पुढे जे सांगतेय ते बोकडाच्या खिम्याचं. ‘टाको बेल’ने २०१० मध्ये बंगळुरूत भारतातलं पहिलं दुकान उघडलं, तेव्हा त्यांनीही इथे बीफ ठेवलं नाही. मग आपण कशाला अडून बसायचं?

हे सगळं सुरू झालं माझ्या नणंदेच्या मुलीमुळे. ती टेक्सासात असते. शाळेच्या सुट्टीत मुलाला घेऊन आली. मुलगा नऊ वर्षांचा, गोड आहे, पण जेवायला बसला की ‘स्पायसी, स्पायसी’ म्हणून ताट सरकवणार. पसरणीचा घाट चढून पाचगणीला नेलं, तिथे भाजलेलं कणीस मात्र दोन खाल्ली पठ्ठ्याने! आई म्हणाली, “मामी, याला घरचा टाको आवडतो.” आणि बॅगेतून तिने टाकोच्या मसाल्याच्या पाच पुड्या काढल्या. लेकरू उपाशी राहू नये म्हणून तिकडून घेऊन आली होती बिचारी.

तोपर्यंत ठीक होतं. पण त्याच दिवशी ती बोलून गेली, “या वेळी कांदा-लसूण मसाला नको हं मामी. मागचाच अर्धा फ्रीजमध्ये पडून आहे. हा खात नाही, आणि आम्ही दोघं किती खाणार?”

सासूबाई तिथेच बसल्या होत्या. ७८ वर्षांच्या आहेत. दर एप्रिलमध्ये मिरच्यांचे देठ खुडण्यापासून कांदा उन्हात वाळवण्यापर्यंत सगळं त्यांच्या देखरेखीखाली होतं. कांडपावरून मसाला आला की पहिली बरणी नातीची, तिच्यावर चिठ्ठी लावलेली. त्या काही बोलल्या नाहीत. बरणीवरची चिठ्ठी तेवढी काढून घेतली. मला ते फार लागलं. पण मुलीचं तरी काय चुकलं? एवढ्या लांब नेऊन मसाला वाया घालवण्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं, असं मला आजही वाटतं.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनीच विषय काढला. “आण बघू ती पुडी.” फोडली, चिमूटभर हातावर घेतली, वास घेतला. “जिरं आहे गं यात. आणि आपली मिरची, पण तिखट नाही. लसूण वाळवलेला.” मी पुडीवरची बारीक अक्षरं वाचून दाखवली : मिरचीपूड, मीठ, जिरं, कांदापूड, लसूणपूड, ओरेगॅनो, कॉर्नफ्लोअर, साखर. “एवढंच?” त्या म्हणाल्या. लवंग नाही, दालचिनी नाही, दगडफूल नाही, खोबरं नाही. आणि मीठ दुसऱ्या नंबरावर! सासूबाईंना बी.पी.मुळे डॉक्टरांनी मीठ मोजून खायला सांगितलंय, त्यामुळे त्या मिठाच्या बाबतीत फार कडक.

गंमत बघा. मिरची, मका, टोमॅटो ही मंडळी मेक्सिकोच्या बाजूची. पोर्तुगीजांच्या जहाजांतून मिरची आपल्याकडे आली, त्याआधी आपण मिऱ्यांवर भागवत होतो. उलट जिरं, धणे, कांदा, लसूण हे आपल्या बाजूच्या जगातलं सामान स्पॅनिश लोकांनी मेक्सिकोत नेलं. म्हणजे त्या पुडीतलं जिरं इकडून तिकडे गेलेलं आणि आमच्या बरणीतली मिरची तिकडून इकडे आलेली. घराणी वेगळी असली तरी सोयरीक जुनी आहे.

मसाला आम्ही घरीच केला. अर्धा किलो खिम्याला पुरेल असा : बेडगी मिरचीची पूड दोन चहाचे चमचे, भाजलेल्या जिऱ्याची पूड दीड चमचा, धणेपूड अर्धा, कांद्याची पूड एक, लसणाची अर्धा, मिरपूड पाव, कॉर्नफ्लोअर एक. वाळवलेला कांदा एप्रिलच्या मसाल्यातला उरलेला डब्यात होताच. नसेल तर पातळ कापून कढईत अगदी मंद आचेवर कोरडा करा, पावसात ऊन कुठून आणणार? ओरेगॅनो अर्धा चमचा. पिझ्झाबरोबर येणाऱ्या पुड्या प्रत्येक घरात कुठल्या तरी ड्रॉवरमध्ये असतातच. नसल्या तर ओवा चोळून घाला, पण चिमूटभरच, ओवा फार पुढे पुढे करतो. कॉर्नफ्लोअर कशाला, असं मीही विचारलं होतं. त्याने खिम्याचं पाणी दाटसर होऊन मसाला खिम्याला धरून राहतो, नाहीतर टाको खाताना कोपरापर्यंत ओघळ येतात.

एका गोष्टीवरून मात्र वाद झाला. हळद. वाईत राहायचं आणि हळदीशिवाय खिमा करायचा? सासूबाईंना ते पटेना. भाची म्हणे, टाकोत हळद नसते. शेवटी खिमा धुताना चिमूटभर लावली, दोघींचंही राहिलं.

आता खिम्याचं सांगते, कारण खरी मेख तिथे आहे. दुकानदाराला जाड खिमा मागा. धुतल्यावर चाळणीत ठेवून हाताने दाबून पाणी पूर्ण काढा. ओला खिमा परतला जात नाही, स्वतःच्या पाण्यात शिजतो आणि पांढुरका पडतो. लोखंडी कढई चांगली तापवा, दोन चमचे तेल घाला, खिमा पसरा आणि तीन-चार मिनिटं हात लावू नका. आपल्याला सारखं ढवळायची सवय, पण खालून तांबूस झाल्याशिवाय ती खमंग चव येत नाही. मग उलटा, मोकळा करा. अमेरिकेतल्या कृतीत इथे सुटलेली चरबी ओतून टाका असं सांगतात. बोकडाच्या खिम्याला तेवढी चरबी सुटत नाही, त्यामुळे आहे ती राहू द्या. बीफचा खिमा दहा मिनिटांत होतो म्हणे. आपला तेवढ्यात चिवट राहतो. मसाला, पाऊण चमचा मीठ आणि दीड वाटी गरम पाणी घालून झाकण ठेवा, मंद आचेवर २०-२५ मिनिटं. शेवटी झाकण काढून आटवा. कुकर लावू नका, लगदा होतो.

टाकोची भाकरी हे वेगळंच प्रकरण आहे. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात उकळतात, रात्रभर ठेवतात, धुऊन वाटतात. त्याने पीठ चिकट होतं आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. मका युरोपात गेला, पण ही चुन्याची युक्ती बरोबर गेली नाही, आणि नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना तिकडे पेलाग्रा नावाचा रोग होऊ लागला. तिथल्या बायकांनी पिढ्यान्पिढ्या केलेली गोष्ट किती शहाणपणाची होती बघा! गिरणीतल्या आपल्या मक्याच्या पिठाला चुना लागलेला नसतो, म्हणून भाकरी दुमडली की तुटते. त्यावर उपाय म्हणजे दोन वाट्या मक्याच्या पिठात अर्धी वाटी कणीक घालायची, उकळत्या पाण्याने उकड काढायची, मळून पुरीपेक्षा थोडी मोठी लाटून तव्यावर भाजायची. लगेच फडक्यात गुंडाळून ठेवली तर मऊ राहते. कुरकुरीत हवी असेल तर भाजलेली भाकरी चिमट्याने अर्धी दुमडून धरून तेलात सोडायची. मुलाला कुरकुरीत हवी होती, मला मऊ बरी वाटली. मेक्सिकोतही बहुतेक टाको मऊच असतात.

वर घालायला फार शोधाशोध नको. लेट्यूस वाईत शोधण्यापेक्षा कोवळा कोबी बारीक चिरा. साल्सा म्हणजे आपली टोमॅटोची कोशिंबीरच, दही न घालता, वर लिंबू पिळून. सावर क्रीमच्या जागी चक्का. चीज किसून.

मुलाने चार खाल्ले. ‘स्पायसी’ एकदाही म्हणाला नाही, कारण बेडगीने रंग येतो, ठसका लागत नाही. सासूबाईंनी दातांमुळे मऊ भाकरीचा एक घेतला आणि त्यावर आपला कांदा-लसूण मसाला भुरभुरवला. मुलगा टक लावून बघत होता. “पणजी, मला थोडं?” त्यांनी बोटाच्या टोकावर दिलं. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या, पाणी प्यायला, पण ‘नको’ म्हणाला नाही.

जाताना भाचीने नवीन मसाल्याची पाव किलोची बरणी नेली. मीठ आणि कॉर्नफ्लोअर त्यात घातलेलं नाही. मीठ ज्याचं त्याने ऐनवेळी घालावं, असा सासूबाईंचा हुकूम. कांदा-लसूण मसाला तिने नेला नाही, तो आम्ही खातोय. तुम्ही हा टाकोचा मसाला करून ठेवणार असाल तर सगळं खडखडीत कोरडं असल्याशिवाय बरणीत भरू नका. पावसाळ्यात कांद्याची पूड लगेच ओल धरते, म्हणून फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन-तीन महिन्यांत संपवा. अर्धा किलो खिम्यात दहा-बारा टाको होतात. खिमा उरला तर दुसऱ्या दिवशी तव्यावर लोण्यात परतून पावात भरा. आमच्याकडे टाकोपेक्षा तो पावच आधी संपला.