हायब्रीड गाडी का तापते? आधी कारण शोधा, मग इलाज करा

एके काळी आपल्या वस्तीत ज्याच्या दारी सायकल, तो मोठा माणूस समजला जाई. आज आपली मुले बँकेचे कर्ज काढून टुरिस्ट गाड्या चालवीत आहेत. त्यात आता हायब्रीड गाड्यांची भर पडली आहे. टोयोटाची प्रियस भारतात २०१० साली आली. पण २०२२ मध्ये इनोव्हा हायक्रॉस, ग्रँड विटारा आणि होंडा सिटी हायब्रीड आल्यानंतर अशा गाड्या गावोगावी दिसू लागल्या. पेट्रोल वाचते हे खरे. परंतु वैशाखाच्या उन्हात विदर्भातून भरधाव जाताना, किंवा २० मार्चला महाडहून परतताना ताम्हिणी घाट चढताना गाडी तापली आणि ते वेळेवर कळले नाही, तर वाचलेले सारे पेट्रोल एका दुरुस्तीत निघून जाते. हप्ता थकतो, मुलांची फी थकते. म्हणून हा विषय केवळ मेकॅनिकचा नाही, साऱ्या घराचा आहे.

तथागतांनी दुःख सांगितले, दुःखाचे कारण सांगितले, ते दूर होऊ शकते हे सांगितले आणि त्याचा मार्गही सांगितला. गाडीचा आजार ओळखण्याचीही हीच रीत आहे. कारण न शोधता भाग बदलत सुटणे म्हणजे गंडेदोरे बांधण्यासारखेच!

थंड ठेवणाऱ्या तीन व्यवस्था

साध्या गाडीत इंजिन थंड ठेवले की काम झाले. हायब्रीडमध्ये तीन गोष्टी थंड ठेवाव्या लागतात. पहिले इंजिन. त्याचे कूलंट, रेडिएटर आणि पंप आपल्या ओळखीचे आहेत. दुसरा इन्व्हर्टर. बॅटरीतील वीज मोटरला चालेल अशी करून देणारी ही पेटी फार तापते. प्रियससारख्या गाड्यांत तिच्यासाठी कूलंटची वेगळी टाकी आणि विजेवर चालणारा वेगळा लहान पंप असतो. तिसरी मोठी बॅटरी. अनेक गाड्यांत ती पंख्याने थंड होते, आणि हा पंखा गाडीच्या आतील हवा ओढतो.

म्हणून ‘गाडी तापली’ एवढे म्हणून भागत नाही. काय तापले, हा पहिला प्रश्न.

लक्षणांवरून निदान

इंजिन: अनेक हायब्रीड गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो, फक्त दिवा असतो. तांबडा दिवा लागेपर्यंत वेळ गेलेली असते. म्हणून आठवड्यातून एकदा, सकाळी गाडी पूर्ण थंड असताना टाकीतील पातळी पाहावी. पातळी खाली जात असेल तर कूलंट कुठेतरी जातेच आहे. पाईपचे जोड, रेडिएटरचा खालचा भाग आणि पंपाजवळ वाळलेले गुलाबी डाग दिसतात का ते पाहावे. काही दिसले नाही, तर गॅरेजमध्ये प्रेशर टेस्ट करून घ्यावी. दाब भरून ठेवला आणि काटा खाली आला, म्हणजे गळती आहे.

बाहेर थेंब नाही, तरी कूलंट कमी होते. सकाळी सुरू होताना इंजिन थरथरते, मागून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो. मग हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. टाकीच्या तोंडाशी रसायनाची चाचणी करतात. निळे रसायन पिवळे झाले, तर इंजिनातील जळका वायू कूलंटमध्ये शिरला आहे. २००९ नंतरच्या प्रियसमध्ये धूर परत इंजिनात नेणाऱ्या कूलरमध्ये काजळी साचते, आणि त्या गाड्यांत गॅस्केट जाण्याशी तिचा संबंध जोडला जातो. तेथे गॅस्केट बदलताना तो कूलरही साफ करून घेणे शहाणपणाचे.

इन्व्हर्टर: चढावर गाडीची ताकद एकाएकी कमी होते आणि हायब्रीड यंत्रणा तपासण्याची सूचना येते. स्कॅनर लावल्यावर ‘पी०ए९३’ हा कोड निघाला, तर दोष इन्व्हर्टर थंड ठेवण्यात आहे. गाडी ‘रेडी’ असताना त्याच्या टाकीत कूलंट हलताना दिसले पाहिजे. ते स्थिर असेल तर पंप बंद आहे, त्याची वीज तुटली आहे किंवा आत हवा अडकली आहे. आधी फ्यूज आणि वायरची जोडणी पाहावी, मग पंप बदलावा. नवे कूलंट भरल्यावर हवा काढली नाही, तर नवा पंपही काही कामाचा नाही.

बॅटरी: मागच्या सीटजवळ किंवा सीटखाली हवेची जाळी असते. त्यावर चादर, पिशवी, सामान ठेवले की बॅटरी गुदमरते. धूळ, केस, धागे जाळीत साचतात. पंखा मोठ्याने घोंघावतो, मायलेज घटते. जाळी झाडून स्वच्छ ठेवणे हा बिनपैशाचा उपाय, आणि तो घरातले कोणीही करू शकते.

हे करू नका

तांबडा दिवा लागला, तर गाडी बाजूला घ्या, एसी आणि गाडी दोन्ही बंद करा. वाफ येत असेल तर ती थांबेपर्यंत बॉनेट उघडू नका. गरम रेडिएटरचे झाकण तर कधीच नाही. आत दाबाखाली उकळते पाणी असते, ते तोंडावर उडते.

बोअरचे पाणी टाकू नका, क्षार साचून नळ्या बुजतात. अगदी अडचणीत साधे पाणी चालेल, पण नंतर पुस्तिकेत सांगितलेलेच कूलंट भरून घ्या. जुने कूलंट गटारात किंवा उघड्या डब्यात ठेवू नका. ते चवीला गोड पण विषारी असते. लहान मुले आणि कुत्री ते पिऊ शकतात.

सर्वांत महत्त्वाचे: केशरी रंगाच्या वायरना हात लावू नका. प्रियसच्या बॅटरीत २०० व्होल्टहून अधिक वीज असते आणि मोटरपर्यंत ती त्याहून वाढते. आवाज नाही म्हणजे गाडी बंद आहे, असे समजू नका. ‘रेडी’ दिवा असेल, तर इंजिन आपोआप सुरू होते. हे काम शिकलेल्याचेच आहे. तो आधी विजेपासून बचाव करणारे हातमोजे घालतो, मग बॅटरीचा सर्व्हिस प्लग काढतो आणि पुस्तिकेत सांगितलेली मिनिटे थांबतो.

आपल्या तरुणांसाठी

कोणी म्हणतो पंप गेला, कोणी म्हणतो सारी बॅटरीच टाका. कालाम सुत्ताची शिकवण येथेही लागू आहे: कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः तपासून पाहा. मेकॅनिकला विचारा, कोड कोणता निघाला? चाचणी कोणती केली? बिलावर ते लिहून घ्या.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, आणि तांत्रिक प्रशिक्षणाचे काम त्यांच्याच खात्याकडे होते. हाताला हुन्नर मिळाला की माणूस कोणापुढे वाकत नाही, हे ते जाणत होते. आज आयटीआयमध्ये इलेक्ट्रिक वाहनांच्या मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे. आपल्या मुला-मुलींनी तो जरूर शिकावा. नव्या यंत्राचे ज्ञान अजून कोणाच्या वाडवडिलांची मिरास झालेले नाही. जो शिकेल, त्याचे ते आहे.

जय भीम!