आधी सुई, मग मशीन : मुलांच्या हाती द्यायची शिवणपेटी



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. बैठक घरातच होती आणि त्या घरातली सातवीतली मुलगी शाळेच्या वेळेला दारात बसलेली. "शाळा का बुडवलीस गं?" म्हणून विचारलं, तर मान खाली. नंतर तिच्या आजीनं सांगितलं, स्कर्टचा हूक तुटलाय. आई कोअर शॉपला, पहिल्या पाळीला पहाटेच बाहेर पडते. आजीला सुईचं नेढं दिसत नाही. पिन लावून जायला मुलीला लाज वाटते. एका हुकापायी दोन दिवस शाळा गेली.

मी म्हटलं, "आण इकडं, मी लावून देते." सुई हातात घेतली आणि मग खरं काय ते कळलं. समाजकार्याची पदवी आहे माझ्याकडं, पण हूक धड लावता येईना! शेवटी गटातल्या एका मावशींनी पाच मिनिटांत लावून दिला आणि मला म्हणाल्या, "ताई, आम्हाला कर्जाचा हिशोब शिकवता, तुम्ही आमच्याकडनं हे शिका."

शिकले. जे शिकले ते या अंकात लिहितेय. तुमच्या घरातल्या आठ-दहा वर्षांच्या पुढच्या मुलामुलींसाठी आहे. हो, मुलांसाठीसुद्धा. आपल्या एमआयडीसीत खोली करून राहणारे कितीतरी कामगार आपली बटणं आपणच लावतात. पोटासाठी घर सोडलेल्याला सुई धरता आलीच पाहिजे.

पेटीत काय काय हवं?

महागडा डबा नको. बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा चालतो. त्यात एवढं ठेवा.

सुया. हातशिलाईच्या सुयांच्या पाकिटावर नंबर असतो. नंबर जेवढा मोठा, तेवढी सुई बारीक. मशीनच्या सुईचं बरोबर उलटं असतं, म्हणून दुकानात सांगताना "हातसुई" असं स्पष्ट सांगा. शिकणाऱ्याला मोठ्या नेढ्याची, कशिद्याची सुई द्या, दोरा पटकन ओवला जातो. अगदी लहान असेल तर स्वेटर जोडायची बोथट टोकाची सुई आणि तरटाचा तुकडा द्या. वाकळंची दाभण मात्र मुलांच्या हाताबाहेर ठेवा.

दोरा. पांढरा, काळा आणि शाळेच्या गणवेशाच्या रंगाचा, अशी तीन रिळं पुरतात. सुती कापडाला सुती दोरा बरा. दोरा कापताना कात्री तिरकी धरा, टोक निमुळतं होतं. लांबी बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत, दुहेरी घ्यायचा असेल तर त्याच्या दुप्पट. लांब दोरा घेतला तर लवकर संपत नाही असं वाटतं, पण तो गुंततो आणि वेळ जास्त जातो. मेणबत्तीवरून एकदा ओढून घेतला की कमी गुंततो.

कात्री. कापडाची कात्री वेगळी ठेवा. त्याच कात्रीनं कागद, दुधाची पिशवी कापली की धार जाते आणि मग कापड चावल्यासारखं कापलं जातं. मुलांना बोथट टोकाची छोटी कात्री द्या. दुसऱ्याच्या हातात देताना मुठीची बाजू पुढं करून द्यायची, हे पहिल्याच दिवशी सांगा.

टेप. शिंप्याचा टेप साधारण ६० इंचांचा असतो. एका बाजूला इंच, दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर. एक इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर. मुलांना शाळेत सेंटिमीटर शिकवतात आणि आपण बोलतो इंचात, म्हणून दोन्ही बाजू दाखवा. गणितही होतं.

अंगुस्तान. म्हणजे बोटात घालायची धातूची टोपी. ज्या हातानं शिवतो त्याच्या मधल्या बोटात घालायची आणि तिनं सुई मागून ढकलायची. जीन्स किंवा जाड कापड शिवताना हिच्याशिवाय बोटाला भोक पडतं.

टाचण्या, खडू, गादी. कापड हलू नये म्हणून टाचणी, खूण करायला शिंप्याचा खडू. खडू नसेल तर अंगाच्या साबणाची झिजलेली चिपटी वापरा, धुतल्यावर खूण जाते. सुया टोचून ठेवायला छोटी गादी घरीच शिवा. आत लोकर किंवा लाकडाचा कोरडा भुसा भरा. पावसाळ्यात सुया गंजतात, तेव्हा त्या मशीनच्या तेलाचा एक थेंब लावलेल्या फडक्यात टोचून ठेवा.

चुंबक. हे आपल्या भागात सहज मिळतं, जुन्या बिघडलेल्या स्पीकरमधलं चालेल. सुई खाली पडली की हातानं चाचपायचं नाही, चुंबक फिरवायचं.

चार टाके पुरेत

सुरुवातीला चौकड्यांचं कापड द्या. जुना चौकड्यांचा शर्ट असेल तर उत्तम. चौकडीच्या रेघेवरून टाके घालत गेलं की ओळ आपोआप सरळ येते.

पहिला धावदोरा. सुई खाली-वर, खाली-वर. कापड तात्पुरतं जोडायला, चुण्या घालायला. मजबूत नसतो.

दुसरा उलटी टीप. एक टाका पुढं, अर्धा मागं. मशीनच्या टिपेसारखी दिसते आणि तेवढीच पक्की. उसवलेली शिवण, पिशवीचा बंद, सगळं यानं शिवता येतं.

तिसरा तुरपाई. कापडाची कड दोनदा दुमडून आतल्या बाजूनं बारीक टाके. सुईनं बाहेरच्या कापडाचे एक-दोनच धागे उचलायचे, म्हणजे सरळ बाजूनं टाका दिसत नाही. साडीचा फॉल हातानं लावतात तो याच जातीचा टाका. फॉल आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यायचा. नाहीतर पहिल्या धुण्यात तो आटतो आणि साडी गोळा होते.

चौथा काजाचा टाका. कडेवरून टाका घेताना दोरा सुईखालून घ्यायचा, म्हणजे कडेला गाठींची ओळ येते. हूक, काज आणि वाकळंची कड, तिन्हीला हाच.

बटण लावण्याची रीत

दुहेरी दोऱ्याला गाठ मारा. सुई कापडाच्या उलट्या बाजूनं वर काढा. बटणाच्या वर एक आगपेटीची काडी आडवी ठेवा आणि तिच्यावरून टाके घ्या, भोकांच्या प्रत्येक जोडीत तीन-चार वेळा. मग काडी काढा, बटण वर ओढा आणि कापड व बटण यांच्यामध्ये दोरा तीन-चार वेळा गुंडाळा. उलट्या बाजूला गाठ. ही जी छोटी मान तयार होते, तिच्यामुळं काजाच्या जाडीला जागा मिळते आणि बटण ताणून तुटत नाही. काडी नसली की बटण घट्ट बसतं आणि महिन्यात गळतं.

फौंड्रीच्या कपड्यांबद्दल, नीट वाचा

शिरोली, नागाव, टोप इथल्या कितीतरी घरांत रोज ठिणगीनं भोकं पडलेले शर्ट येतात. ते शिवताना एक गोष्ट लक्षात ठेवा. पॉलिस्टर किंवा टेरिकॉटच्या तुकड्यानं ठिगळ लावू नका. असं कापड ठिणगीनं वितळतं आणि कातडीला चिकटतं, त्यानं भाजणं जास्त खोल होतं. सुती कापड, सुती दोरा. ठिगळाचा तुकडा आधी धुवून घ्या, भोकापेक्षा सगळीकडनं एक इंच मोठा कापा, कड आत दुमडा आणि तुरपाई करा.

आणि कंपनीनं दिलेला सुरक्षेचा ॲप्रन, हातमोजे फाटले तर ते घरी शिवायचे नाहीत, बदलून मागायचे. तिथं आपल्या टाक्याचा उपयोग नाही.

सुईची शिस्त

शिवायला बसताना सुया मोजा, उठताना परत मोजा. एक कमी असेल तर सापडेपर्यंत लहान मुलाला त्या जागी सोडू नका. टाचणी तोंडात धरायची नाही, सुई ब्लाऊजला टोचून स्वयंपाकाला जायचं नाही. मोडलेली सुई झाकणाच्या बाटलीत टाका, कचऱ्यात नको. घंटागाडीवरच्या बायकांच्या हाताला ती टोचते, आणि त्याही कुणाच्या तरी गटातल्याच असतात.

सुई खोल टोचली तर साबण-पाण्यानं जखम धुवा आणि आरोग्य केंद्रात दाखवा. मुलामुलींना १० व्या आणि १६ व्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची टीडी लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. ती झालीय का, हे एवढ्या निमित्तानं आशाताईंना विचारून घ्या.

आता गटानं काय करायचं?

काही जणी म्हणतील, "ताई, मशीनसाठी कर्ज काढतोय, हातसुईचं काय घेऊन बसलात?" मशीन हवंच. पण फॉल, हूक, काज, हातची तुरपाई ही कामं मशीन घरी असलं तरी हातावरच येतात, आणि त्याचे वेगळे पैसे मिळतात. तुमच्या गावात फॉल लावायचा दर काय चाललाय, एक साडी किती वेळात होते, हे एकदा वहीत लिहून बघा. कर्जाच्या अर्जाला तो हिशोब जोडता येईल.

पुढच्या बैठकीला एवढंच करा. गटात दोन शिवणपेट्या तयार करा. प्रत्येकीनं घरातलं एक मूल सोबत आणा आणि गटातल्या सगळ्यात वयस्क सभासदाशेजारी बसवा. पोरांची नजर तीक्ष्ण, त्यांनी दोरा ओवायचा. आजीचा हात सराईत, तिनं टाका दाखवायचा. जुन्या साड्यांची एक छोटी वाकळ दोघींनी मिळून सुरू केली तरी चारही टाके होऊन जातात.

त्या मुलीच्या घरी गेल्या आठवड्यात परत गेले होते. स्कर्टचा दुसरा हूक तिनं स्वतः लावलाय. थोडा वाकडा आहे. पण त्या दिवशी ती दारात नव्हती, शाळेत होती.

तुमची,
क्षेत्र समन्वयक, शिरोली एमआयडीसी विभाग