नवशिक्या धावपटूंना लागणारी धाप

धाप लागणे म्हणजे श्रमामुळे श्वासोच्छ्वास जलद होऊन श्वास अपुरा पडत असल्याची जाणीव होणे होय. धावण्यास नव्याने प्रारंभ करणाऱ्या निरोगी व्यक्तीला ती बहुधा फुप्फुसांच्या दुर्बलतेमुळे नव्हे, तर वेग क्षमतेपेक्षा अधिक ठेवल्यामुळे लागते.

कारणे
वेग वाढताच स्नायूंत कार्बन डायऑक्साइड अधिक निर्माण होतो. तो बाहेर टाकण्यासाठी मेंदूतील श्वसनकेंद्र श्वासाची गती वाढवते. नियमित सरावाने हृदय व स्नायू कार्यक्षम होतात आणि त्याच वेगाला कमी धाप लागते.

चढाचा परिणाम
सांगली शहर कृष्णाकाठच्या सपाट प्रदेशात, तर सातारा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसले आहे. २०१२ पासून होणाऱ्या सातारा हिल मॅरेथॉनचा २१.१ किलोमीटरचा मार्ग यवतेश्वर घाटातून जातो. चढावर शरीराचे वजन वर उचलावे लागत असल्याने सपाटीवर सुसह्य वाटणारा वेग तेथे धाप आणतो. सातारा शहराची सुमारे ७०० मीटर उंची मात्र विरळ हवेचा त्रास होण्याइतकी नाही.

उपाय
धावताना पूर्ण वाक्य बोलता येईल इतकाच वेग ठेवावा. काही मिनिटे धावणे व काही मिनिटे चालणे असा क्रम ठेवून धावण्याचा काळ आठवड्यागणिक वाढवावा. घाटात पावले आखूड टाकावीत.

धोक्याची लक्षणे
छातीत दुखणे किंवा भोवळ येणे ही लक्षणे दिसल्यास तत्काळ थांबून वैद्यकीय मदत घ्यावी. श्वासात शिट्टीसारखा आवाज येणे किंवा धावल्यानंतर खोकल्याची उबळ येणे ही श्रमजन्य दम्याची लक्षणे असू शकतात. त्यांचीही तपासणी आवश्यक असते.