‘श्यामची आई’ : सांगणारा श्याम आणि पाहणारा कॅमेरा

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या शहरांत कोकणातून येऊन स्थायिक झालेली अनेक कुटुंबे असल्यामुळे साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’तील गाव, घर आणि देवधर्म इथल्या वाचकांना परका वाटत नाही; शिवाय कल्याणचे रंगमंदिर ज्यांच्या नावाने ओळखले जाते, त्या आचार्य अत्रे यांनीच या पुस्तकावर १९५३ मध्ये चित्रपट काढला आणि राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. सत्तर वर्षांनी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, सुजय डहाके यांनी तीच कथा पुन्हा पडद्यावर आणली व तिलाही सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला.

मूळ पुस्तक ही आत्मचरित्रात्मक कादंबरी, म्हणजे लेखकाच्या आयुष्यातील प्रसंगांना कथेचे रूप देणारी रचना आहे. तिचा बराचसा भाग गुरुजींनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिला. प्रौढ श्याम आश्रमातील मित्रांना रोज रात्री आईची एक आठवण सांगतो आणि प्रकरणांना ‘रात्र’ असेच नाव असून त्या बेचाळीस आहेत. आई वाचकाला भेटते ती या निवेदकाच्या, म्हणजे कथा सांगणाऱ्याच्या, आवाजातूनच. त्याचा गहिवर आणि पश्चात्ताप तिच्या प्रतिमेत इतके मिसळलेले असतात की ते वेगळे काढता येत नाहीत.

चित्रपटात मात्र आई समोर उभी राहते, बोलते, रागावते, आणि सांगणारा मागे पडतो. डहाके यांनी ओम भूतकर यांच्या रूपाने स्वातंत्र्यलढ्यातील साने गुरुजींनाच कथेत आणून ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला, आणि तो योग्यच म्हटला पाहिजे. संपूर्ण चित्रपट कृष्णधवल ठेवण्याचा निर्णयही याच जातीचा आहे. अत्र्यांच्या काळी मराठी चित्रपट कृष्णधवल असणे ही रूढ गोष्ट होती. २०२३ मध्ये ती जाणीवपूर्वक केलेली निवड ठरते आणि पाहिलेले दृश्य कुणाच्या तरी स्मरणातले आहे, हे प्रेक्षकाला सतत जाणवत राहते. काही प्रसंगी तर दृश्यमाध्यमाला शब्दांहून अधिक साधू शकते. ‘अळणी भाजी’ या प्रकरणात आई भाजीत मीठ घालायला विसरते आणि वडील व मुले काही न बोलता जेवून उठतात. हा अबोला समजावून सांगण्यासाठी पुस्तकाला वाक्ये लागतात, तर पडद्यावर जेवणाऱ्यांचे चेहरेच पुरेसे होऊ शकतात.

तरीही या पुस्तकाचे खरे वजन उत्तरार्धातील कर्जाच्या प्रकरणांत आहे आणि केवळ संस्कारांचे पुस्तक म्हणून ते मुलांच्या हाती देणाऱ्यांचे नेमके तिकडेच दुर्लक्ष होते. श्यामचे घराणे खोताचे, म्हणजे गावाचा सारा वसूल करून सरकारात भरण्याचा वंशपरंपरागत हक्क असलेले. ते सावकाराच्या व्याजात हळूहळू बुडते, घरात तेल असले तर मीठ नसते आणि अखेर जप्तीची दवंडी गावभर पिटली जाते. हा ऱ्हास अनेक वर्षांचा आणि संथ आहे. रात्रीमागून रात्री वाचताना तो वाचकाच्या अंगावर साचत जातो, तर दोन-अडीच तासांच्या चित्रपटाला त्यातील मोजक्या घटनाच निवडाव्या लागतात.

आईच्या मृत्यूचा प्रसंग या दृष्टीने सर्वांत कठीण ठरतो. श्याम तेव्हा शिक्षणासाठी घरापासून दूर होता आणि आईची व त्याची शेवटची भेट झालीच नाही, म्हणून तिच्या अखेरच्या दिवसांविषयी तो सांगतो ते मागाहून कळलेलेच असू शकते, आणि आपण तिथे नव्हतो ही खंत त्या कथनाच्या मुळाशी असते. कॅमेरा आईच्या अंथरुणाजवळ पोहोचला की मुलाने जे कधी पाहिले नाही ते प्रेक्षक पाहू लागतो; दृश्य कितीही हृदयद्रावक झाले तरी श्यामचे ते दूर असणे त्यात उमटवणे कोणत्याही दिग्दर्शकाला फार अवघड आहे, आणि पुस्तकातील शोकाचा मोठा वाटा त्या दूर असण्यातच आहे.